ऑर्किडच्या कुंडीत नेमकं काय भरावं? (आपल्या विदर्भातल्या उन्हात टिकेल असं)

गोंदण | ९ मार्च

नमस्कार मंडळी. मी आर्वी तालुक्यातल्या एका गावात राहते, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. अंगणात मोगरा, अनंत, जास्वंद, गुलबक्षी सगळं आहे आणि छान फुलतं. पण ऑर्किडने मला रडवलं.

मागच्या वर्षी लेकीने पुण्याहून पांढरं फॅलेनॉप्सिस आणलं होतं. फुलं दोन महिन्यांच्या वर टिकली, शेजारपाजारचे बघायला यायचे. फुलं गळल्यावर मला वाटलं, एवढ्याशा प्लास्टिकच्या डब्यात बिचाऱ्याचा जीव गुदमरत असेल. म्हणून ऐसपैस मातीची कुंडी घेतली, शेतातली काळी माती आणली, निम्मं शेणखत घातलं आणि लावलं. रोज सकाळी तांब्याभर पाणी. तीन आठवड्यांत पानं सुरकुतली. तहान लागली असेल म्हणून मी पाणी वाढवलं. शेवटी उपटून पाहिलं तर मुळी चिमटीत धरली की वरचं साल सरकून हातात यायचं आणि आत सुतळीसारखा नुसता दोरा राहायचा.

आता तिने पुन्हा दोन रोपं पाठवली आहेत, एक फॅलेनॉप्सिस आणि एक जांभळं डेंड्रोबियम. दोन्हींची फुलं संपत आलीत. वाचायला गेलं की पाइनची साल, स्फॅग्नम मॉस, परलाइट अशी नावं येतात. आमच्या तालुक्याच्या गावी यातलं काही मिळत नाही. घरात कूलर आहे, पाणी बोअरचं आहे. आपल्याकडच्या हवेत ज्यांनी ही झाडं प्रत्यक्ष जगवली आहेत त्यांनी कृपया सांगा. हे रोप मला मारायचं नाही.

नवखा_माळी | ९ मार्च

माझाही हाच प्रश्न आहे. बसतो इथे.

बोरधरण | ९ मार्च

ताई, तुम्ही केलं ते सगळेच पहिल्यांदा करतात, मनाला लावून घेऊ नका. आधी हे का झालं ते सांगतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल.

फॅलेनॉप्सिस काय, डेंड्रोबियम काय, मुळात ही झाडावर राहणारी झाडं. मुळ्या फांदीला चिकटलेल्या, वाऱ्यावर लोंबणाऱ्या. त्या मुळीवर व्हेलामेन नावाचं पांढरं, स्पंजासारखं आवरण असतं. पाऊस पडला की ते क्षणात पाणी ओढून घेतं आणि मग वाऱ्याने हळूहळू सुकतं. कोरडी असताना मुळी चंदेरी दिसते. ओली झाली की आवरण पारदर्शक होतं आणि आतला हिरवा रंग दिसतो. तुमच्या रोपावर पाण्याचा फवारा मारून बघा, डोळ्यांदेखत रंग बदलेल.

आता काळ्या मातीचा विचार करा. ही माती ओली झाली की फुगते आणि तिच्यातली हवेची जागा बंद होते. कपाशीला ती सोन्यासारखी, पण ऑर्किडच्या मुळीला ती म्हणजे तोंडावर ओला बोळा. तुमची मुळी तहानेने नाही, गुदमरून गेली. पानं सुरकुतली कारण पाणी ओढायला मुळीच शिल्लक नव्हती.

म्हणून कुंडीत जे भरायचं त्याचं पहिलं काम पाणी धरणं हे नाही. झाडाला उभं धरणं आणि मुळीभोवती हवा खेळती ठेवणं हे पहिलं काम. पाणी दुसऱ्या नंबरावर.

मी सेलूजवळ राहतो, आठ वर्षं ऑर्किड लावतोय. फॅलेनॉप्सिससाठी माझं मिश्रण: पाइनच्या सालीचे बोराएवढे तुकडे तीन भाग (हे मात्र मागवावेच लागतात), लाकडी कोळसा एक भाग, नारळाच्या सालीचे तुकडे एक भाग. डेंड्रोबियमला साल वगैरे काही नाही. फुटक्या कवेलूचे (छपरावरच्या कौलांचे) तुकडे आणि कोळसा, बस.

पऱ्हाटी | १० मार्च

बोरधरण भाऊ, एक नंबर सांगितलं. कवेलूचं मीबी म्हणतो. आमच्या यवतमाळकडं आता सगळ्या घरायवर टिनं आले, जुन्या कवेलूचे ढीग वाड्यात पडून हायत. पण गावठी कवेलू घ्या, इंग्रजी नाई. गावठी कवेलू कच्चं-पक्कं भाजलेलं असते, पाणी पिते अन् हळूहळू सोडते. इंग्रजी कवेलू टणक, त्याच्यात पाणी तेवढं मुरत नाई. सुपारीएवढे तुकडे करा, चाळणीनं भुकटी काढून टाका, धुऊन घ्या. भुकटी रायली तं खाली जाऊन चिखल होते अन् भोकं बुजते.

माडबन | १० मार्च

मी रत्नागिरीकडचा. खरं सांगू का, इतका खटाटोप कशाला? नारळाचं एक सोडण, म्हणजे वरची जाड साल, घ्यायचं, त्याला रोप बांधायचं आणि आंब्याच्या खोडावर अडकवून द्यायचं. माझी डेंड्रोबियम अशीच वाढलीत. कुंडी नाही, मिश्रण नाही.

पऱ्हाटी | १० मार्च

माडबन दादा, तुमच्याकडं हवाच झाडाले पाणी पाजते. आमच्याकडं मे महिन्यात दुपारी ओला दुपट्टा वाळू घातला तं दहा मिन्टात पापडासारखा कडक होते. आंब्यावर बांधलेलं रोप संध्याकाळपर्यंत शेवयासारखं होईन. 🙂

माडबन | १० मार्च

हे पटलं. 🙂 नागपूरला लग्नाला आलो होतो मे महिन्यात, तेव्हाचं आठवलं. तरी नारळाच्या सोडणाबद्दल एक सांगतो. आणल्या आणल्या वापरू नका. त्यात क्षार असतात आणि चहासारखं तांबडं पाणी सुटतं. तुकडे करून भिजत घाला, रोज पाणी बदला. पाणी जवळजवळ नितळ दिसेपर्यंत हे चालू ठेवा, आठवडा सहज जातो.

गोंदण | १० मार्च

केवढी माहिती! मनापासून आभार. फवारा मारून बघितला, मुळ्या खरंच हिरव्या झाल्या. चौथीच्या मुलांना वर्गात नेऊन दाखवलं. दोन प्रश्न. नारळाची साल आणायची कुठून? देवळातल्या नारळाला तर नुसती शेंडी असते. आणि कोळसा कोणता? वणीहून दगडी कोळसा सहज मिळू शकतो.

बोरधरण | १० मार्च

दगडी कोळसा अजिबात नको!! तो जमिनीतून काढलेला, त्यात गंधक आणि इतर बरंच काही असतं. आपल्याला लागतो लाकडाचा कोळसा, इस्त्रीवाल्याकडे असतो तो. वजनाला हलका, तोडला की कुडकुड वाजतो. तंदूरसाठी भुकटी दाबून केलेल्या वड्या मिळतात, त्याही घेऊ नका. आणि चुलीतले विझवलेले निखारे वापरणार असाल तर राख पूर्ण धुऊन काढा.

नारळाची साल हायवेवरच्या शहाळेवाल्याकडे. तो संध्याकाळी फेकूनच देतो. पण ती हिरवी, रसरशीत असते. फोडून उन्हात चांगली वाळू द्या, मगच माडबन म्हणतात तसं भिजवा. आपलं ऊन या एका कामाला फार छान आहे.

संत्रेवाली | ११ मार्च

मी वरुडची. सगळे म्हणतात त्याच्या थोडं विरुद्ध बोलते. माझी सहाही फॅलेनॉप्सिस नुसत्या स्फॅग्नम मॉसमध्ये, म्हणजे वाळवलेल्या शेवाळात, आहेत आणि चार वर्षं फुलतायत.

कारण सांगते. मी सकाळी आठला घर सोडते, सातला परत येते. कोळसा आणि सालीत लावलं होतं तेव्हा मे महिन्यात एका दिवसात खडखडीत व्हायचं. सकाळी पाणी द्या, रात्री मुळ्या कागदासारख्या. दोन रोपं अशीच वाळून गेली. मॉस स्वतःच्या वजनाच्या पंधरा-वीस पट पाणी धरतं. चार इंची मातीच्या कुंडीत, अगदी सैल भरायचं. बोट घातलं तर सहज गेलं पाहिजे. उन्हाळ्यात चार दिवसांनी पाणी, थंडीत दहा-बारा दिवसांनी. वरचं मॉस कुरकुरीत होऊन पांढुरकं दिसल्याशिवाय थेंब घालायचा नाही.

बोरधरण | ११ मार्च

संत्रेवाली ताई, तुमचा अनुभव खोटा म्हणत नाही. पण नवीन माणसाला मॉस सांगायला मला भीती वाटते. ऑगस्टमध्ये आठ-आठ दिवस झड लागते, सूर्य दिसत नाही. तेव्हा मॉस पंधरा दिवस ओलं राहतं. माझी तीन रोपं एकाच पोळ्याच्या आठवड्यात गेली. पानांच्या मधला कोंब नुसता हात लावला तर निघून आला. आपल्याकडे वर्षात दोन वेगवेगळे देश असतात. मे महिन्यात राजस्थान, ऑगस्टमध्ये आसाम. माध्यम पावसाळ्यासाठी निवडा आणि उन्हाळा पाण्याने सांभाळा, असं माझं ठाम मत आहे. कोरडं पडलेलं रोप पाणी दिलं की सावरतं. कोंब कुजला की संपलं.

संत्रेवाली | ११ मार्च

पण माझी रोपं पावसात नसतातच ना दादा. खोलीत, पूर्वेच्या खिडकीत. झड लागली की मी पाणी बंद करते आणि छोटा पंखा लावून ठेवते. कुजतं ते मॉसमुळे नाही, ओल्यावर पुन्हा ओतल्यामुळे.

झाडीपट्टी | १२ मार्च

दोघांचंही बरोबर आहे. हात कोणता ते बघा. काही माणसांचा हात ओला असतो, झाड दिसलं की पाणी घातल्याशिवाय राहवत नाही. त्यांनी कोळसा, कवेलू, साल घ्यावी. काहींचा हात कोरडा, आठवड्याने आठवण येते. त्यांना मॉस. गोंदण ताई, तुम्ही रोज तांब्याभर घालणाऱ्या, म्हणजे तुमचा हात ओला. मॉसपासून लांब राहा.

जाता जाता आमच्याकडचं सांगतो. मी गडचिरोली जिल्ह्यातला. आमच्या गावामागे जुन्या मोहावर आणि आंब्यावर रानटी ऑर्किड आहे, वांडा टेसेलाटा. पिवळट-तपकिरी पाकळ्यांवर जाळीसारखी नक्षी आणि मधली जीभ जांभळी-निळी. वास इतका गोड की खालून जाताना मान वर होते. बरेच लोक त्याला बांडगूळ समजून तोडतात. पण बांडगूळ झाडाचा रस पितं, हे नुसतं बसायला जागा घेतं. ‘वांडा’ हे नावच संस्कृतातल्या ‘वंदा’वरून घेतलंय, झाडावर वाढणारी वनस्पती या अर्थी.

हे झाड कुठल्या जागी बसतं ते मी पाहत असतो. गुळगुळीत फांदीवर क्वचित. भेगाळलेल्या सालीवर, जिथे पावसाचं पाणी ओघळून जातं पण भेगेत थोडी ओल राहते, तिथे. उन्हाळ्यात मुळ्या सालीला चिकटून हाडासारख्या पांढऱ्या पडतात आणि पहिल्या पावसाला टोकं हिरवी होतात. कुंडीत भरताना मी डोळ्यांसमोर ती भेग ठेवतो.

एक विनंती, हे वाचून कोणी जंगलातून उपटून आणू नका. एक तर वनखात्याचा नियम आहे, आणि उपटलेलं रोप सहसा जगतही नाही.

सातपुडा_७ | १२ मार्च

झाडीपट्टी, काय सुंदर लिहिलंय. 👌

मी चिखलदऱ्याचा. आमच्याकडे उंचीमुळे हवा थंड, कॉफीसुद्धा होते, त्यामुळे माझं मिश्रण सांगून उपयोग नाही. तेच सांगायला आलो: कुठलंही मिश्रण वाचलं की आधी लिहिणारा कुठे राहतो ते बघा. ऑर्किडचं राष्ट्रीय संशोधन केंद्र १९९६ पासून सिक्कीममध्ये पाकयोंगला आहे. तिथली हवा थंड, धुक्याची. त्या हवेतलं माप हिंगणघाटला तसंच्या तसं लावता येणार नाही. चिखलदऱ्याहून परतवाड्याला उतरलं की माझंच रोप वेगळं वागतं.

नवखा_माळी | १२ मार्च

शेंगदाण्याची टरफलं आणि तुऱ्हाट्याचे तुकडे फुकट मिळतात, ते चालतील का?

पऱ्हाटी | १२ मार्च

म्या करून पाह्यलं. टरफलं एका पावसाळ्यात शेणासारखी होते. तुऱ्हाटी, पऱ्हाटी दोन्ही लवकर कुजते, बुरशी येते. चुलीतच बरी.

रसायनी | १४ मार्च

माध्यमाची चर्चा झाली, पाण्याची राहिली. ताईंनी बोअरचं पाणी लिहिलंय म्हणून मुद्दाम लिहिते.

आपल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार भरपूर. पाणी उडून जातं, क्षार कुंडीत राहतात. कवेलू आणि मातीच्या कुंडीवर पांढरी पुटं येतात ती हीच. पुढे मुळीची टोकं काळी पडतात आणि आपण म्हणतो माध्यम खराब. पातेल्यात पाणी उकळून आटवलं तर तळाला जे साचतं तेच मुळीवर साचतं, इतकं सरळ आहे.

सगळ्यात महत्त्वाचं: कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी ऑर्किडला कधीही घालू नका. पाणी वाया जाऊ नये म्हणून आपल्याकडे बायका ते झाडांना घालतात. पण कूलर दिवसभर त्यातलं पाणीच उडवत असतो, क्षार टाकीतच राहतात, आणि आपण वरून पुन्हा बोअरचं पाणी भरतो. चार दिवसांनी ते मूळ पाण्यापेक्षा कितीतरी जड झालेलं असतं. आरओ मशीनचं नळीतून बाहेर टाकलेलं पाणीही तसंच. आरओचं पिण्याचं पाणी मात्र चालतं, एसीचं गळणारंही चालतं. सगळ्यात छान पावसाचं. टिनाच्या पन्हाळीखाली ड्रम लावा, पहिल्या एक-दोन पावसांची घाण जाऊ द्या, मग भरून झाकून ठेवा.

तोवर बोअरचंच द्यावं लागलं तर दर वेळी कुंडीतून भरपूर पाणी वाहून जाईल असं द्या. चमचा-चमचा दिलं की क्षार साचतात. खत दिल्यावर पुढची एक पाळी नुसत्या पाण्याची.

गोंदण | १४ मार्च

रसायनी ताई, मी कूलरचंच पाणी घालत होते. 😢 आजपासून बंद.

संत्रेवाली | १४ मार्च

खताचं निघालं म्हणून: घरात फवारणीचं १९:१९:१९ असेलच. लिटरला अर्धा ग्रॅम, त्याहून जास्त नाही, वाढीच्या दिवसांत आठवड्याने एकदा. संत्र्याला घालतो त्या मापाने घालू नका. शेणखत कुंडीत नको.

गोंदण | २३ मार्च

आज दोन्ही बदलली. फुलं पूर्ण गळू दिली. फॅलेनॉप्सिसच्या बुंध्यात मधोमध जाळीच्या टोपीत घट्ट दाबलेला ओला बोळा निघाला, आतल्या मुळ्या तांबूस झालेल्या. बाहेर साल अगदी कोरडी आणि आत हा चिखल! कुजलेल्या मुळ्या कापल्या, कात्री दिव्यावर धरून घेतली, कापल्या जागी दालचिनीची पूड लावली. मग साल, कोळसा, नारळ. जुनाच पारदर्शक डबा ठेवला, त्याला गरम सळईने बाजूंनी भोकं पाडली. डेंड्रोबियम कवेलू-कोळशात, लहान मातीच्या कुंडीत.

प्रश्न: पाणी कधी द्यायचं हे ओळखायचं कसं?

बोरधरण | २३ मार्च

छान केलंत. तो बोळा रोपवाटिकेत लहानपणी लावलेला असतो, बरीच रोपं त्याने मरतात.

तीन खुणा. डब्यातून मुळ्या चंदेरी दिसतात का. डबा उचलला तर हलका लागतो का. आणि विझलेली अगरबत्तीची काडी, नुसता बांबू, मधोमध खुपसून दहा मिनिटांनी काढा. ओलसर, गार लागली तर पाणी नको. कॅलेंडर बघून पाणी देऊ नका. पाणी सकाळी द्या, पानांच्या मधल्या खळग्यात साचलं तर कापसाने टिपून घ्या.

नव्याने लावल्यावर चार-पाच दिवस कोरडं राहू द्या, कापलेल्या जागा भरतील.

नवखा_माळी | २९ मे

४५ अंश! गोंदण ताई, तुमची रोपं कशी आहेत?

गोंदण | ३० मे

आहेत. फॅलेनॉप्सिस कूलरच्या खोलीत, पण झोताच्या बाजूला. खाली परातीत खडे आणि पाणी, डबा खड्यांवर. एक दिवसाआड पाणी लागतंय. डेंड्रोबियम अंगणात कडुलिंबाखाली हिरव्या जाळीत, त्याला रोज सकाळी. दोन पानं पिवळी होऊन गळली, काठ्या (त्याची खोडं) मात्र टणक आहेत.

संत्रेवाली | ३० मे

काठी टणक तर झाड धडधाकट. पानांची काळजी करू नका.

गोंदण | १६ ऑक्टोबर

सांगायला उशीर झाला. जुलैपासून ड्रमभर पावसाचं पाणी साठवलंय. डेंड्रोबियमला दोन नवीन काठ्या फुटल्या, जुन्यांपेक्षा जाड. फॅलेनॉप्सिसला तीन मुळ्या आल्या, टोकं हिरवट-लालसर. एक तर डब्याच्या भोकातून बाहेर येऊन खिडकीच्या चौकटीला चिकटली आहे, इतकी घट्ट की डबा हलवता येत नाही.

झडीत एकदा चुकलेच. पाच दिवस सूर्य नव्हता, तरी सवयीने पाणी घातलं. नारळाच्या तुकड्यांवर पांढरी बुरशी दिसली. तेवढे तुकडे चिमट्याने काढून कोळसा घातला. आता वाटतं, माझ्या हाताला नारळाचा भाग अजून कमी हवा, एकाच्या जागी अर्धा. सालीचे तुकडे मात्र अजून टणक आहेत.

बोरधरण | १६ ऑक्टोबर

साल दोनेक वर्षं टिकते. बोटाने दाबून चुरा झाला की बदला. चौकटीला चिकटलेली मुळी ओढू नका, डबा तिथेच राहू द्या. थंडी पडली की रात्रीच्या गारव्याने फुलांचा दांडा येतो, तेव्हा खिडकीजवळच बरं.

पऱ्हाटी | १७ ऑक्टोबर

ताई, शहाळ्याच्या सालीचं एक पोतं वाळून तयार हाय. अर्धा भाग लागन म्हणता, तरी दोन वर्षं पुरन. यवतमाळहून यष्टीनं पाठवू काय?

गोंदण | १७ ऑक्टोबर

पाठवा भाऊ. पण भिजवून पाठवू नका. इकडे ड्रममध्ये पावसाचं पाणी आहे, मीच भिजवीन.